मामंजींची माती आणि मोरसेची भाजी

अंधेरीच्या आमच्या घरात एकाच महिन्यात दोघी आलो: मी लग्न होऊन आणि माती बैलगाडीतून. माती मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वर्सोव्याच्या खाडीकडून फुकट मिळवली होती आणि तिचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कौतुक होतं. "काळीभोर आहे! काठी रोवली तरी पालवी फुटेल," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. अंगणातले वाफे, तुळशीवृंदावन, सगळीकडे त्यांनी तीच भरली.

तुळस बघता बघता करपली. दुसरी लावली, तीही गेली. तिसरी मान टाकू लागली तेव्हा शेजारणींना कारण सापडलं: नव्या सुनेचा पायगुण. सासूबाई तसं म्हणत नसत. फक्त मला ऐकू जाईल असा उसासा टाकून "पूर्वी कशी कमरेएवढी वाढायची" म्हणत. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. तोवर तुळस जगली नाही तर हा शिक्का जन्मभर पुसला जाणार नव्हता. मला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा.

लग्नाआधी मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते. वाळलेल्या मातीवर येणारा पांढुरका थर मिठाचा आहे, हे मला दिसत होतं. पण सासऱ्यांच्या मातीला खारट म्हणणारी सून अंधेरीत अजून जन्माला यायची होती. म्हणून मी आमच्या कोळणीकडून मोरस, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत उगवणारी पालेभाजी, मुळासकट मागवली आणि वाफ्यात लावून टाकली.

मोरस फोफावली. मोठी धूर्त वनस्पती ती. खारं पाणी खुशाल पिते, पण मीठ मोकाट फिरू देत नाही. गुबगुबीत पानांच्या पेशीत वेगळ्या कप्प्यात कोंडून ठेवते आणि त्याच्याच जोरावर आणखी पाणी ओढून घेते. फारच झालं की जुनी पानं लाल होऊन गळतात, आपल्या वाट्याचं मीठ घेऊन. सासरी नांदायचं शास्त्र मला कॉलेजात आधीच शिकवलं होतं म्हणायचं!

मामंजी तर फुलून गेले. "बघितलंत माझ्या मातीचा जोर? हिची भाजी करतात ना? उद्या कर."

मी केली. चण्याची डाळ, ओलं खोबरं, लसणीची फोडणी. खारटपणा जावा म्हणून मोरस आधी उकडून पाणी फेकून देतात. ते तेवढं मी केलं नाही.

पहिल्याच घासाला मामंजींनी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं. "अगं, मीठ किती घातलंस?"

"घातलंच नाही, मामंजी," मी पदर सावरत म्हणाले. "मातीतच होतं."

सासूबाईंनी चिमूटभर भाजी जिभेवर ठेवली आणि दारातून वृंदावनाकडे पाहिलं. मग त्यांनी शांतपणे डाव उचलून मामंजींच्या ताटात आणखी भाजी वाढली.

"घ्या ना. आपल्या तीन तुळशी हेच जेवून गेल्या."

वृंदावनातली माती दुसऱ्याच दिवशी उपसली गेली आणि तिथे चांगली तांबडी माती आली. तुळशीच्या लग्नाला रोप छोटंसंच होतं, पण टवटवीत. एका शेजारणीने लाडीगोडीने विचारलं, "काय हो, सुनेचा पायगुण बदलला वाटतं?"

"पायगुण मातीचा वाईट होता," सासूबाई अक्षता वाटत म्हणाल्या. "माती यांनी पसंत केलेली. सून मी."