ह्या वर्षीची सुई

आमच्या लालबागच्या चाळीत कुत्र्यामांजरांविषयी काही विचारायचं असेल तर लोक बाबांकडे यायचे. बाबा गिरणीत साचे चालवायचे, डॉक्टरकी काही शिकलेले नव्हते. पण गिरणीच्या आवारात सापडलेलं एक पिल्लू त्यांनी घरी आणलं होतं, आणि दरवर्षी ते त्याला चालत परळच्या जनावरांच्या इस्पितळात नेऊन रेबीजची सुई देऊन आणायचे. तिथल्या डॉक्टरांना शंका विचारून भंडावून सोडायचे आणि मिळालेली उत्तरं चाळीत वाटायचे. एकदा टोचलं की पुरे ना? नाही, दरवर्षी टोचायचं. मांजर खोलीबाहेर पडत नाही, तिला जंताचं औषध कशाला? उंदीर खाते ना, मग द्यायचं. माशाचं डोकं घालू का? अजिबात नको, काटा अडकतो.

गिरण्यांचा संप लांबला तसे बाबा पेरणीसाठी गावी गेले. जाताना मला म्हणाले, "ह्याची सुई राहिलीय. येत्या आठवड्यात नेऊन आण." मी अठरा वर्षांची होते, कॉलेजात जात होते आणि नाकावर माशी बसू देत नव्हते. बाबा गेल्यावर लोक मला विचारू लागले. मीही बाबांच्या थाटात उत्तरं देऊ लागले.

त्याला नेलं होतं मी, ते खोटं नाही. रांगेत माझ्यापुढे एक बाई काखेत केसाळ कुत्रं घेऊन उभ्या होत्या. कुठून आलीस, वडील काय करतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तशा त्या सोबतच्या बाईला म्हणाल्या, "घरात चूल पेटायची मारामार, आणि ह्यांना कुत्री हवीत." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रांग सोडली आणि तरातरा घरी आले. त्याऐवजी दोन शब्द सुनावून तिथेच उभी राहिले असते तर निदान सुई तरी झाली असती. आईने विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." रांगेतलं सांगून तिला कशाला दुखवा, अशी मी मनाची समजूत घातली. पुढच्या आठवड्यात नेऊ म्हटलं. तो आठवडा आला आणि गेला.

शेजारच्या खोलीत मालवणकडची एक काकी राहायची. तिचा नवराही संपावर होता, ती टोपली घेऊन मासे विकायची. तिची सहा वर्षांची मुलगी आमच्या कुत्र्यावर जीव टाकायची. एका दुपारी त्याने कुठून तरी बांगड्याचं डोकं पळवलं आणि गॅलरीत चघळत बसला. काटा अडकतो हे तिने माझ्याच तोंडून ऐकलं होतं. ती ते ओढून काढायला गेली आणि त्याने तिच्या मनगटाला दात लावले.

काकी भांडायला आली नाही. दारात उभी राहून तिने एवढंच विचारलं, "ह्या वर्साची सुई दिलंस मां गो तेका?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "म्हणजे काय, हिने स्वतः नेऊन आणलंय." काकी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो काकी, दिलीय."

तेच तिने दवाखान्यात सांगितलं. डॉक्टरांनी जखम धुवून मलमपट्टी केली. कुत्रा घरचा आहे, सुई दिलेली आहे, तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, असं म्हणून त्यांनी मायलेकींना घरी पाठवलं. नजर ठेवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी कॉलेज बुडवून त्याच्यासमोर बसून राहायचे. तो पाणी प्यायला की मला हायसं वाटायचं, जांभई दिली की मी उठून मागे सरायचे. खरं सांगायचं, तर त्या दिवसांत मला त्या मुलीपेक्षा माझी जास्त काळजी होती. ह्याची आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी त्याने खाणं सोडलं आणि तोंडातून लाळ गळू लागली. मी त्याचं तोंड कापडाने बांधून परळला पळाले. डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची सुई कधी?"

"गेल्या वर्षी."

"कोणाला चावलाय का?"

"हो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हा इथेच राहील. तू आधी घरी जा आणि त्या माणसाला दवाखान्यात पाठव. आत्ताच्या आत्ता."

काकी मासे साफ करत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तिने हात धुतले, मुलीला उचललं आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या काळी पोटात चौदा सुया द्यायचे, रोज एक.

कुत्र्याच्या घशात काटा रुतला होता. काटा निघाला आणि कुत्रा खायला लागला, तरी दहा दिवस भरेपर्यंत त्यांनी त्याला ठेवून घेतलं. अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, कुत्रा ठणठणीत आहे, मुलीच्या सुया आता थांबवायला हरकत नाही. तसा कागदही त्यांनी लिहून दिला. तोवर सहा सुया झाल्या होत्या, आठ राहिल्या होत्या. मी जवळजवळ धावतच काकीकडे गेले. ती मुलीची वेणी घालत होती.

"काकी, तो बरा आहे. आता सुया नकोत."

"बरो हा म्हणान कोण सांगता? तूच मां?"

"डॉक्टरांनी कागद दिलाय."

"माका वाचूक येत नाय. वाचून दाखवतलंस तूच."

"मग इस्पितळात चला. डोळ्यांनी बघा."

"बघून माका काय कळतला? त्या दिवशी पण तो बरोच दिसत होतो."

काकीने रिबिनीची गाठ मारली आणि चपला घातल्या. मुलगी दारात माझ्याजवळ थांबली. "ताई, तो जेवतो ना आता?"

"जेवतो."

तिला ते लगेच पटलं. मग एका हाताने आईचं बोट धरून आणि दुसरा हात फ्रॉकवरून पोटावर ठेवून ती सातव्या सुईला गेली.