अण्णांचा लॅमिनेट केलेला रिपोर्ट

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तेवढ्या बळावर लिहायला बसलोय, म्हणून आधीच माफी मागतो. तर, माझे वडील कागदावर ठणठणीत होते.

घरच्या मशीनवर मात्र, गोळी चालू असूनही, त्यांची साखर रोज उपाशीपोटी दोनशेच्या वर! आई त्यांच्या बोटाला सुई टोचायची, आकडा बघायची आणि कपाळाला हात लावायची.

"आवं, काल कंपनीतून येताना काय खाल्लं? खरं सांगा."

"आईशप्पथ, काय बी नाय!"

"मग मशीन लबाड बोलतंय व्हय?"

निकाल द्यायला घरात शिकलेला मी होतोच. बजाजनगरातल्या एका लॅबमधून अण्णांची तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून आणली. आकडा अगदी धडधाकट माणसाचा! मी (कोणी विचारलेलं नसताना) जाहीर केलं, "आई, तीन महिन्यांची सरासरीच खरी. तुझं मशीन बाद."

अण्णांनी रिपोर्ट लॅमिनेट करून माझ्या बारावीच्या मार्कशीटशेजारी टांगला. गल्लीतल्या लग्नाला तो सोबत नेला! आईनं त्यांच्या ताटातली जिलेबी उचलली की म्हणायचे, "पोरगं सायन्सला हाय. आधी हे वाच, मग हात लाव."

मग सेफ्टी शूजनं अंगठ्याला जखम झाली. ती काही भरेना. (मी म्हणालो, बूट बदला!) पाय सुजला, तेव्हा आईनं माझं सायन्स बाजूला सारून अण्णांना रिक्षात घातलं आणि शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिपोर्ट अण्णांच्या काखेत होताच.

बाईंनी पाय पाहिला, रिपोर्ट पाहिला, आईकडून घरचे आकडे ऐकले. "घरच्या मशीनचं ऐकू नका, असं कुणी सांगितलं?"

आयुष्यात पहिल्यांदा आई-अण्णांचं एकमत झालं. दोघंही माझ्याकडे बघत होते.

रक्त पुन्हा तपासायला गेलं. अण्णांचं हिमोग्लोबिन जन्मापासूनच वेगळ्या घडणीचं निघालं. तसा त्रास काही नाही. पण तीन महिन्यांची ती तपासणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखरच मोजते, त्यामुळे त्या लॅबमध्ये आकडा खोटाच कमी येत होता! म्हणजे बोटाची सुईच खरी. औषध वाढलं, जिलेबी बंद झाली, जखम भरत आली.

"हे आईवडिलांकडून मुलांत येतं. याचंही तपासा," बाई म्हणाल्या.

काल मोबाइलवर निकाल आला. माझंही तसंच!

अण्णांना सांगितलं. ते भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "तुझा बी लॅमिनेट कर, गण्या. जागा हाय. मार्कशीट आईनं काढलीय."