चिमीची सोयरीक

वडगाव रासाईत झुंबरबाईला विचारल्याशिवाय कुणाची सोयरीक ठरत नाही. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण भीमेच्या दोन्ही काठांवरच्या घरांची कुळं, देवकं, आजोळं तिला तोंडपाठ. दोन्ही घरांचं देवक एक, म्हणजे मुलगा-मुलगी भाऊबहीण, असं निघालं की बाई चहाचा कप खाली ठेवते आणि उठते. मग नवरदेव कलेक्टर का असेना! ही गोष्ट घडली तोवर तिनं चौसष्ट लग्नं जमवली होती आणि ठरलेलं एकही मोडलं नव्हतं. याचा तिला गर्व आहे. आहे तर आहे.

अशा बाईच्या घरात तिचा धाकटा दीर हौसराव कुत्र्यांचा वंश चालवत होता. दौंडच्या रेल्वे कॉलनीतून बदलून जाणाऱ्या एका साहेबाकडून त्यानं सरदार नावाचा बॉक्सर जातीचा कुत्रा, जोडीच्या मादीसकट, आणला, आणि तेव्हापासून गडी जमिनीवर चालेनाच. बाहेरचं रक्त घालायचं नाही, हा त्याचा नेम. सरदारची लेक परी वयात आली, तेव्हा ती सरदारलाच दाखवली. "प्युअर लाईन हाय आपली," असं तो पारावर सांगायचा आणि पोरींसाठी देवक बघणारी तीच माणसं माना डोलवायची. झुंबरबाईलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. जनावराला कुठलं आलंय नातं, असंच तीही धरून चालली होती.

परीला पाच पिल्लं झाली. त्यातली तीन पिल्लं वर्ष-दीड वर्षाची होता होता गेली. बादलीभर पाणी प्यायची, सारखी मुतायची, ओकायची आणि वाळत जायची. एकाला तर शेवटी रक्ताची आव लागली. हौसरावानं भर गल्लीत सांगून टाकलं, "वैनी, तुमच्या शिळ्या भाकरीनं माझी पिल्लं खाल्ली."

हे तिच्या जिव्हारी लागलं. रोज ताजी भाकरी दुधात कुस्करून घालणारी बाई ती! वर बायका तिच्या हाताला गुण नाही म्हणून कुजबुजू लागल्या. तिनं दिराशी बोलणंच टाकलं. घरात काही सांगायचं झालं तर ती पुतणीला, तेजश्रीला, सांगायची आणि तेजश्री ते चार पावलांवर बसलेल्या बापाला ऐकवायची.

दोन पिल्लं उरली. एक चिमी, घरी. दुसरा तिचा भाऊ सुलतान, भांडगावच्या सोपानरावांना दिलेला. पुढं चिमीही भांड्यामागून भांडी पाणी रिचवू लागली, तेव्हा झुंबरबाईनं तिला कांद्याच्या पिकअपमध्ये घातलं आणि दौंडच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली.

"हिची किडनी खराब झालीय, मावशी. हे खाण्यानं झालेलं नाही. काही जातिवंत कुत्र्यांत किडनीचा, आतड्याचा दोष आईबापाकडूनच पिल्लात उतरतो, जवळच्या नात्यात तर जास्तच. हिचा बाप कोण?"

"सरदार."

"आणि आईचा बाप?"

चौसष्ट लग्नांतली कुळं धडाधडा सांगणारी बाई "तोच" एवढंच पुटपुटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला नातं सांगायची लाज वाटली.

"हिला पिल्लं होऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "हिचे हाल होतील आणि पिल्लांचेही."

तिनं रिपोर्ट तेजश्रीच्या हाती दिरापर्यंत पोचवला. त्यानं तो टीव्हीखाली सारला. "डागदराला काय कळतंय लाईनमधलं!"

तेजश्रीचं स्थळ झुंबरबाईनंच आणलं होतं, सोपानरावांचा थोरला मुलगा. सुपारी फोडायला पाहुणे आले, ओसरी भरली. हौसरावाच्या उत्साहाला भरतं आलं. "पाव्हणं, पोरीची सोयरीक झालीच. आता आपल्या चिमीची आन् तुमच्या सुलतानची पण गाठ मारून टाकू. लाईन घरातच ऱ्हाईल!"

झुंबरबाई उंबऱ्यातून पुढं आली.

"ही सोयरीक व्हायची न्हाई."

सुपारीवर उगारलेला सोपानरावांचा हात तसाच थांबला.

"पोरीची न्हाई, कुत्रीची."

दोघंतिघं हसले.

"हसू नगा. चिमीचा बाप सरदार. चिमीच्या आईचा बाप बी सरदार. सुलतान तिचा एका वेताचा सख्खा भाऊ. एका देवकापायी तुमी भरल्या बैठकीतनं उठता, आन् हितं काय चाललंय?"

हौसराव लालबुंद झाला. "आपल्यात मामाची पोरगी चालती की!"

"मामाची चालती, भावजी. बापाची न्हाई चालत." कित्येक महिन्यांनी ती त्याच्याशी थेट बोलली होती. मग ती सोपानरावांकडे वळली. "पाव्हणं, खरं सांगा. सुलतान पाणी लई पितो का?"

सोपानरावांनी अडकित्ता खाली ठेवला. "बादली संपवतोय. दोन महिनं झालं. मुलीकडच्यांनी दिल्याली वस्तू, नावं कशी ठेवायची? म्हून बोललो न्हाई."

तेजश्रीची सुपारी फुटली. चिमीची गाठ तेवढी बारगळली.

पाहुणे वेशीबाहेर गेले न गेले तोच हौसराव तिच्यावर धावून आला. "पाव्हण्याम्होरं माझं नाक कापलंत! लग्नाच्या मांडवात तोंड दावायचं न्हाई."

"न्हाई दावणार. पर आधी सांगा, पिल्लं कुणी खाल्ली?"

त्यानं पायातली चप्पल भिंतीवर फेकली.

लग्न भांडगावात झालं. सगळं घर गेलं, भावकी गेली. जिनं हे पासष्टावं लग्न जमवलं ती दुपारच्या उन्हात आपल्या घराच्या पायरीवर बसून होती. मुहूर्ताच्या वेळी तिनं मूठभर तांदूळ भांडगावच्या दिशेनं टाकले आणि पदरानं डोळे पुसले.

चिमी उठून रिकामं भांडं चाटू लागली. बरगड्या मोजता येत होत्या. झुंबरबाईनं भांडं सकाळपासून चौथ्यांदा भरलं.

"पी," ती म्हणाली. "जल्मात एकच लगीन मोडलं गं म्या. तुझं."