अडवलेला फोन

टेलिफोनबाईंनी नोकरीभर लोकांचे फोन जोडून दिले. फोन जोडायचा आणि आपण बाजूला व्हायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्या आणि त्या गोड आवाजाला गिऱ्हाईकच उरलं नाही. मुलगा कामात बुडालेला, सून टीव्हीत.

म्हणून असेल, किंवा नुसती दया आली म्हणून असेल, त्या रोज दुपारी खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांना पेपर वाचून दाखवायला जाऊ लागल्या. मोतीबिंदूमुळे त्यांचं दुरुस्तीचं दुकान बंद पडलं होतं आणि बायको तर त्याआधीच गेली होती. बाई वाचायच्या, ते प्रत्येक पुढाऱ्याला मध्येच एक टोला हाणायचे, मग दोघं हसायची. सून म्हणे, आई निघाल्या लष्कराच्या भाकऱ्या भाजायला. शेजारी म्हणत, देवमाणूस आहे. खरं काय ते बाईंनी कधी स्वतःलाही विचारलं नाही. विचारतं कोण?

एकदा घड्याळवाले आत चाचपडत चहा करत असताना त्यांचा फोन वाजला. सवयीने बाईंनीच उचलला. डोळ्यांच्या दवाखान्यातून होता, ऑपरेशनची तारीख द्यायची होती. आता हे आपले आपण वाचणार, एवढंच बाईंच्या डोक्यात आलं. जन्मात कुणाचा फोन न अडवलेल्या बाई म्हणाल्या, "त्यांना खोकला झालाय. पुढे बघू." कोण होतं म्हणून आतून विचारणा झाली, तेव्हा राँग नंबर म्हणून मोकळ्या झाल्या.

ते पुढे बघणं राहूनच गेलं. वर्षभराने डोळे ठणकायला लागले, तेव्हा बाईंनीच धावपळ करून त्यांना दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू फार पिकलाय, दाब वाढून नसा गेल्यात, डॉक्टर म्हणाले. वेळेवर आले असते तर स्वच्छ दिसलं असतं.

घरी आल्यावर बाईंना राहवेना. रडत रडत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," घड्याळवाले म्हणाले. "आतून ऐकलं होतं मी. दवाखान्याला खरं वाटावं म्हणून दोनदा खोकलोसुद्धा."

"मग बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"मला दिसायला लागल्यावर तुम्ही कशाला आला असता?"

"आले असते हो," बाई म्हणाल्या. "नुसतं या म्हणाला असतात, तरी रोज आले असते."