पडद्याआडचं विणकाम

निवृत्त झाल्यावर फिटरकाकांना विणकामाचं वेड लागलं. जन्मभर लेथवर लोखंड कातणारे हात लोकरीत रमले. दोन्ही बाह्या सारख्या उतरल्या का, हे ते व्हर्नियर कॅलिपर लावून बघायचे. खिडकीशी बसून विणावं, एवढीच त्यांची इच्छा. पण काकू पडदा ओढायच्या. "लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? म्हणतील, म्हातारा बायकी झाला." मग स्वेटर काकूंच्या नावावर खपायचे, आणि काका अंधारात डोळे ताणायचे.

एकदा शेजारची सून लोकर घेऊनच आली. "काकू, गळ्याचे टाके कसे कमी करता, शिकवा ना."

काकूंनी सुया हातात घेतल्या आणि त्यांना घाम फुटला.

"उलट्या धरल्यात काकू," सून हळूच म्हणाली.

आतल्या खोलीत काकांच्या सुया थांबल्या.

"अहो, बाहेर या," काकू शेवटी म्हणाल्या. "हिला तुमच्याकडूनच शिकायचंय."

काका पकडलेल्या चोरासारखे समोर आले. सुनेने लोकर त्यांच्यापुढे धरली. "माझ्या सासऱ्यांनाही शिकवा काका. दिवसभर माझ्या स्वयंपाकात नाक खुपसतात."

काकूंना हसू फुटलं. त्यांनी उठून पडदा बाजूला सरकवला आणि काकांची खुर्ची खिडकीशी ओढली.