समिती आली तेव्हा गाव वेशीबाहेर होता

माझे बाबा सात वर्षं गोव्याच्या एका संघातून फुटबॉल खेळले, आणि त्या सात वर्षांत एकदाही कुणी त्यांना मालवणचा म्हटलं नाही. आमची मालवणी आणि तिकडची कोकणी इतकी शेजारशेजारची की कुणाला कधी शंकाच आली नाही. संघातली जागा जाईल या भीतीने बाबांनीही कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. सामन्याआधी भोंग्यावरून एकेका खेळाडूचं नाव पुकारत. बाबांचं नाव आलं की त्याला तिकडच्या गावाचं नाव जोडलेलं असायचं, लोक टाळ्या वाजवायचे आणि बाबा हात वर करायचे. हे त्यांनी मला सांगितलं ते मी नोकरीला लागल्यावर. तोवर घरात एवढंच ठाऊक होतं की त्यांचा डावा गुडघा पावसाच्या आधी दुखतो.

त्यामुळे राज्यातल्या फुटबॉल लीगमध्ये किनारपट्टीवरचा एक नवा व्यावसायिक संघ घेणार, इच्छुक शहरांनी अर्ज करावेत, ही बातमी आली तेव्हा आमच्या घरात जे झालं ते मी विसरणार नाही. बाबांनी वर्तमानपत्र घडी करून उशाखाली ठेवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि पेपर उशाखाली! आईने विचारलं, कोणाची पत्रिका आली आहे काय. बाबा हसले नाहीत. अर्ज मीच लिहायचा हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, कारण मी ओरोसच्या सरकारी कचेरीत अठरा वर्षं टेबलावर आहे आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहायला मला विचार करावा लागत नाही.

मालवणची संघ मिळण्याची लायकी आहे का, यावर पुढचे दोन महिने जो काथ्याकूट झाला तो मी रोजच्या एसटीत बसून ऐकला. कंडक्टरचं म्हणणं, आपल्याकडे पोरगा चालायला लागला की हातात बॅट देतात, फुटबॉल बघणार कोण. मागच्या सीटवरचे मास्तर म्हणायचे, बघायला गोव्यातून बसेस भरून येतील, पण खेळणार कोण ते आधी सांगा. आपले सगळे पाय मुंबईला नोकरीला, संघ जमायचा तो गणपतीत नाहीतर शिमग्याला. मग सामनेही चतुर्थीलाच ठेवायचे, आरती झाली की मध्यांतर. सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि आतून जळायचे. आपल्या माणसांना आपलं कौतुक करायची लाज वाटते. दुसऱ्याने केलं तर चालतं.

मालवण शहरात एवढं मोठं सपाट मैदान मिळेना, म्हणून मैदान आमच्या गावातलं दाखवायचं ठरलं. नाव मालवणचं, जमीन आमची. गोव्यातून परतल्यावर बाबांनी माडांच्या बागेपलीकडच्या त्या पडीक जागेवर पोरं गोळा केली होती. गोलाच्या खांबांना मासे किनाऱ्यावर ओढायच्या रापणीचं जुनं, टाकून दिलेलं जाळं बांधलेलं. बसायला दोन बाजूंना चिऱ्याच्या पायऱ्या, त्याही एकेका घराने आपापले चिरे आणून लावलेल्या, त्यामुळे एकही पायरी दुसरीच्या रेषेत नाही. अर्जात मी लिहिलं, ‘प्रेक्षकांसाठी स्थानिक दगडातील आसनव्यवस्था’. बाबांनी ते दोनदा वाचायला लावलं. खरं तर ते सगळाच अर्ज रोज वाचायला लावत, आणि जिथे जिथे मालवण हा शब्द येई तिथे मान हलवत.

अर्जात एक रकाना होता: पाहणीसाठी सोयीची तारीख. माझी चूक तिथे झाली, आणि ती माझीच होती हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या गावात गावपळण आहे. बाहेरच्यांसाठी सांगते. तीन-चार वर्षांनी एकदा, देवाचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळे. घरांना कड्या लागतात, चुली विझतात, गावात कुणी थांबायचं नाही. ओढ्यापलीकडच्या मळ्यात झावळांच्या झोपड्या उभ्या राहतात. जायचं कधी आणि परतायचं कधी, दोन्ही देव सांगतो. गुरव पाषाणावर पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घातलं जातं, उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्याआधीची दोन वर्षं डावा कौल झाला होता. यंदाही तसंच होणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

अर्ज भरताना बाबा म्हणाले होते, “आधी कौल होवंदे, मगे तारीख घाल.”

कौलाला अजून तीन आठवडे होते, अर्जाची मुदत आठवड्यात संपत होती. शिवाय डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारला जोडून माझी रजा आधीच मंजूर होती. मी म्हटलं, बाबा, तारखा कॅलेंडरवर ठरतात. असं बोलले मी, कचेरीतल्या तोऱ्यात, आणि तो शनिवार लिहून टाकला. बाबांनी ऐकून घेतलं. लेक शिकलेली असली की बाप कधी कधी असं ऐकून घेतो.

समितीचं पत्र आलं, शनिवार पक्का. गावात पेढे वाटले गेले. त्यानंतर कौल झाला, आणि उजवी पाकळी पडली. गावपळण शुक्रवारपासून. शनिवार हा दुसरा दिवस, ज्या दिवशी गावात चुलीतली राखसुद्धा हलत नाही.

मी समितीच्या कार्यालयात सहा वेळा फोन केला. पलीकडच्या बाई भल्या होत्या, पण रविवारी त्यांना दुसऱ्या शहराची पाहणी होती आणि सोमवारी तिसऱ्या. तारीख तुम्हीच दिली होती ना, एवढं त्या दर वेळी म्हणत. मी दर वेळी हो म्हणे.

मग मैदानावरची पोरं बाबांकडे आली. आमचं घर गावच्या बारा-पाच मानकऱ्यांपैकी, देवापुढे बाबांचा शब्द चालतो. पोरांचं मागणं वाजवी होतं: फक्त अकरा जण, फक्त दोन तास, त्यासाठी वेगळा कौल मागा. गुरवही तयार होता. माझ्या मनात तर गणित जुळलंच होतं, की यात माझी चूकही झाकली जाईल. बाबा बराच वेळ गुडघा चोळत बसले. त्या क्षणी त्यांना काय हवं होतं हे त्या ओट्यावर माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी नुसती मान हलवावी म्हणून मी मनातल्या मनात त्याच देवाला गाऱ्हाणं घालत होते.

“देवाक एकदा इचारल्यार परत इचारूचा नसता,” ते म्हणाले. “माझ्या फुटबॉलासाठी तर नायच.”

विषय संपला. शुक्रवारी सकाळी गाव निघाला. डोक्यावर बोचकी, काखेत कोंबड्या, गुरांच्या गळ्यातल्या घंटा. बाबा सगळ्यांत मागे राहिले. मैदानावर जाऊन त्यांनी फक्कीच्या रेषा नव्याने मारल्या, एकट्याने, वाकून वाकून, आणि मधल्या ठिपक्यावर एक कोरा चेंडू ठेवला. पाहुणे आलेच तर मैदान अगदीच उघडंबोडकं दिसू नये, म्हणाले. मग पाठीमागे न बघता ओढ्यावरचा साकव ओलांडून आले.

शनिवारी मी समितीला आणायला कुडाळ स्टेशनवर गेले. तिघे होते. दोघे साधे, बोलके. तिसरे प्रमुख, अंगाने जड, चकचकीत काळे बूट घातलेले, गाडीत बसल्यापासून एक अक्षर बोलले नाहीत. पिंगुळी ओलांडेपर्यंत मी त्यांना गावपळण समजावून सांगत होते आणि माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं होतं. संघ मागणाऱ्या गावाने पाहणीच्या दिवशी घरं बंद करून शेतात राहायला जायचं! कचेरीत असा अर्ज माझ्याकडे आला असता तर मी काय शेरा मारला असता, ते मला माहीत आहे.

साकवाजवळ गाडी थांबली. अलीकडच्या मळ्यात, कापलेल्या भाताच्या खुंटांवर सामना चालला होता. अख्खा गाव बांधावर. म्हाताऱ्या पाय पसरून बसलेल्या, पोरं बांधालगतच्या टेम्पोच्या टपावर, भजनाची टाळकरी मंडळी प्रत्येक गोलाला टाळ वाजवत होती. कुणाचा तरी बैल मैदानात घुसला तर पंचाने शिट्टी फुंकून त्याला बाहेर काढलं आणि लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. इतकी माणसं मी आमच्या मैदानावर कधी पाहिली नव्हती. दोघे साधे सदस्य लगेच बांधावर जाऊन बसले, त्यांच्या हातात भाकरी आणि सुंगटाची, म्हणजे सुक्या कोलंबीची, किसमूर आली. प्रमुखांनी मात्र फॉर्मची पाटी उघडली. पाहणी अर्जातल्या मैदानाची करायची आहे, ते म्हणाले. इतर जागेची नोंद घेता येत नाही. यात त्यांचं काही चुकलं नाही. मीही तेच म्हटलं असतं.

गावच्या माणसाने आत पाऊल टाकायचं नव्हतं. प्रमुख गावचे नव्हते. बाबांनी त्यांना साकवावरून वाट दाखवली, सरळ जा, माड संपले की डावीकडे. ते एकटेच निघाले. आम्ही सगळे अलीकडे उभे राहून त्यांची पाठ लहान होत जाताना बघत राहिलो. पलीकडे कावळ्याशिवाय काही हलत नव्हतं.

पाऊण तासाने परत आले. बुटांवर पांढरी फक्की. पाटीवर काहीतरी लिहीत ते बाबांना म्हणाले, “तिथे कुणीच नाही.”

“आसत,” बाबा बांधाकडे हात करून म्हणाले. “हंय आसत.”

प्रमुखांनी बांधाकडे एकदा पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि पाटी मिटली. जाताना त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. मला तेव्हा ते सांत्वन वाटलं, आणि त्यांचा राग आला.

महिन्याभरात निकाल आला. संघ दुसऱ्या शहराला गेला. सोबतच्या तक्त्यात मैदान चांगलं, येण्याजाण्याची सोय बरी, आणि प्रेक्षकसंख्येच्या रकान्यात शून्य. तो कागद चार दिवस माझ्या पर्समध्ये होता. पाचव्या दिवशी बाबांनीच मागून घेतला, वाचला, आणि मालवण या शब्दाशी त्यांची मान हलली. तारखेबद्दल ते तेव्हाही काही बोलले नाहीत, आजही बोलत नाहीत. आता त्यांचा गुडघा मैदानापर्यंत साथ देत नाही. त्या दुसऱ्या शहराचे सामने टीव्हीवर लागतात, ते बघतात. खेळाडूंची नावं पुकारली जातात तेवढा वेळ आवाज मोठा करतात, मग कमी.

पण मला सांगायचं आहे ते निकालाच्या आधीचं. गावपळणीच्या चौथ्या दिवशी सकाळी परतायचा कौल झाला आणि गाव आत शिरला. जो तो आपापल्या दाराची कडी काढायला धावला. बाबा घराकडे वळलेच नाहीत. मी त्यांच्या मागून गेले, आई हाक मारत होती तरी.

रेषा जशाच्या तशा होत्या. बुटांच्या ठशांची एकच ओळ कडेच्या रेषेवरून आत गेलेली, जड टाचांची. मधल्या ठिपक्यापर्यंत ठसे शांत. तिथून पुढे त्यांच्यातलं अंतर वाढत गेलेलं. जड अंगाचा माणूस चकचकीत बुटांनी धावला होता. चेंडू ठिपक्यावर नव्हता. तो समोरच्या गोलात, रापणीच्या जाळ्यात अगदी वरच्या कोपऱ्याखाली अडकून होता.

बाबांनी तो सोडवला. सदऱ्याने पुसला, काखेत धरून लंगडत मधोमध आले, आणि ठिपक्यावर ठेवला. मग ताठ उभे राहिले. मी पायऱ्यांमागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तोंडाशी हाताचा भोंगा केला आणि हळू आवाजात, पण भोंग्यावरचा माणूस पुकारतो त्याच चालीत, आधी ‘मालवण’ म्हटलं, आणि त्यापुढे स्वतःचं नाव, आजोबांच्या नावासकट. मग हात वर केला, आणि तो तसाच धरून ठेवला.

टाळ्यांसाठी थांबले होते ते. माझ्या दोन्ही हातांत कोंबड्यांचं डालगं होतं, आणि ते खाली ठेवायचं मला सुचलं नाही.