दगडाची धूळ आणि खडूची रेघ

त्याच्या खिशात कायम खडू असतो, म्हणून आम्ही त्याला खडूच म्हणतो. तो विजेच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याच्या वहिनींच्या दगडकामाच्या शेडमधलं अक्षरं कोरणारं यंत्र त्यानंच जुळवलं. मी साहित्य शिकलो. अक्षरं मला ठाऊक होती. मोटार ती कशी काढते, हे नव्हतं.

वाचनालयाच्या पाटीचे दोन दगड वाया गेले होते. ओळ निम्म्यावर आली की अक्षरं सरकत. आता उरलेला तिसरा दगड शेवटचा होता. तोही बिघडला तर यंत्र भंगारात, असं वहिनींनी बजावलं होतं. हातानं कोरायला छिन्नीला धार लावून ती खिडकीत ठेवलीही होती.

खडूनं मोटारीचं मागचं झाकण काढलं. आत काचेची चकती, तिच्यावर केसाहून बारीक हजारो रेघा. चकती फिरते, सेन्सर रेघा मोजतो, त्यावरून मोटारीला आपण कुठे आहोत ते कळतं. मग बिघडलं कुठे, मी विचारलं. त्यानं काचेवरून बोट फिरवून दाखवलं. बोट पांढरं झालं होतं. दुकानातला सगळ्यात बारीक मोजणारा सेन्सर त्यानं हौसेनं आणला होता. धूळ लक्षातच घेतली नव्हती. आणि यंत्राचं कोरणारं टोक सरकवणाऱ्या स्क्रूची ढिलाई तर त्या रेघांमधल्या अंतराच्या कितीतरी पट.

"सोनाराच्या तराजूत खडी मोजत बसलो," तो म्हणाला.

मग त्यानं त्या जागी रिझॉल्व्हर नावाचा दुसरा सेन्सर बसवला. काच नाही, रेघा नाहीत. नुसती तांब्याची वेटोळी आणि लोखंड. मोटारीचा दांडा फिरेल तसा वेटोळ्यांतला विजेचा दाब बदलतो, त्यावरून कोन कळतो. माप थोडं जाडं, पण धुळीला दाद न देणारं.

मोटारीतून पुढे आलेल्या दांड्यावर आणि त्याला लागून तिच्या न फिरणाऱ्या कडेवर त्यानं खडूची एक सरळ रेघ ओढली. शंभर फेरे पुढे, शंभर मागे; रेघ जुळली पाहिजे. मोटार फिरू लागली. वहिनींनी दगडाच्या भुकटीचा मूठभर चिखल उचलला आणि थेट सेन्सरवर थापला. मी दचकलो.

"भावजी, इथे हिला रोज हेच खायचंय."

"वाढा अजून."

मोटार थांबली. आम्ही तिघं वाकलो. रेघ जुळली होती. वहिनींनी भिंग लावून पुन्हा पाहिलं. मग तिसरा दगड यंत्राखाली सरकवला.

शेवटचं अक्षर झालं तेव्हा दुपार सरली होती. वहिनींनी ओळीला पट्टी लावली; एकही अक्षर सरकलं नव्हतं. खिडकीतल्या छिन्नीनं त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं आणि ब्रश माझ्या हातात दिला.

"घ्या साहित्यवाले, भरा अक्षरं. जरा बेतानं. तुम्हाला सेन्सर नाही."